पडवळाला बांधलेले दगड

लग्न झाल्यापासून वसुमती कॉटनपेटच्या गल्लीत, दिराजावांच्या गर्दीत राहिलेली. राजाजीनगरला नवी घरं उठली आणि जयसिंगरावांनी तिथं एक लहानसं घर घेतलं, तेव्हा तिला घरापेक्षा मागच्या परसाचंच अप्रूप जास्त. जयसिंगराव गिरणीच्या कचेरीत कारकून. सकाळी गेले की दिवे लागायच्या वेळी परत. मूलबाळ नव्हतं. दिवसभर ती आणि ते परस.

कोपऱ्यात एक बुजवलेली विहीर होती. माती खचून तिथं खळगा पडला होता. श्रावणात त्या खळग्यातून एक वेल आपोआप वर आला. पानांवरून तिनं ओळखलं, पडवळ! तिनं हौसेनं बांबूंचा मांडव घातला आणि बघता बघता हिरवी-पांढरी पडवळं खाली लोंबायला लागली.

पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला दगड बांधतात. ओटीत दगड घेऊन ती सकाळी मांडवाखाली गेली, तर दगड आधीच बांधलेले. केळीच्या सोपटानं. आसपास केळीचं झाड नव्हतं. दगड गुळगुळीत होते, आणि ओले. पाऊस तर कालपासून नव्हता.

"अहो, हे तुम्ही बांधलंत?"

"मला साधी नाडीची गाठ सुटत नाही," जयसिंगराव हसले. "तूच बांधून विसरली असशील."

दूध घालायला येणारी गंगम्मा इथल्याच जुन्या वस्तीतली कानडी बाई. वसुमतीनं तिला मागे नेऊन दाखवलं. गंगम्मानं गाठीला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"ही होन्नम्माची गाठ, अक्का. तिचा अंगठा वाकत नव्हता, म्हणून ती असा दुहेरी फेरा घ्यायची. तिचाच मळा होता हा. जमीन सरकारात गेली, आणि विहीर बुजवायला माणसं आली त्याच्या थोडं आधी ती तापानं गेली."

वसुमतीनं वेलाच्या बुडाशी हात घातला. "मग वेल उपटू?"

"अय्यो, नको! तिनं लावलंय तर खा. सरी? कळलं ना?" एवढं बोलून गंगम्मा निघाली. त्यानंतर ती दूध पुढच्या दारातच ओतायची.

वसुमतीनं भीत भीत एक पडवळ कापलं. चकत्या, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, वर ओलं खोबरं. जयसिंगरावांनी तीनदा भाजी मागून घेतली. काही पडवळांना मात्र दगड नसायचा. ती वाकडी व्हायची. त्यातल्या एकाची कच्ची फोड तिनं जिभेवर ठेवली, तर कडूजहर. तेव्हापासून दगड असेल तेच पडवळ ती काढायची. का, ते कुणाला सांगितलं नाही.

एकदा नणंद अनुसूया आनेकलहून राहायला आली. वसुमती बाहेरची होती, त्यामुळे चूल नणंदेकडे. दुपारी सालांच्या टोपलीत वसुमतीला एक वेटोळं टोक दिसलं.

"वन्सं, ती भाजी खाऊ नका!"

"खाल्ली की! जरा कडवट आहे, गूळ घातलाय." संध्याकाळपर्यंत अनुसूयाला उलट्या थांबेनात. डॉक्टर आणावा लागला. ती वाचली, पण चार दिवस अंथरुणाला खिळली. त्या दिवशी जयसिंगराव पहिल्यांदा मांडवाखाली जाऊन एकेक गाठ बघत उभे राहिले. हसले नाहीत.

पुढच्या वर्षी ऐन भाद्रपदातल्या उन्हात मांडवाखाली निवडणं करता करता वसुमतीचा डोळा लागला. जाग आली ती गारव्यानं. उठायला गेली, तर पदर खाली ओढला गेला. पदराच्या टोकाला ओला दगड बांधला होता. गाठ दुहेरी फेऱ्याची.

परसाचं दार आतून बंद होतं. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी मांडवावरचं एक पडवळ हळूहळू झुलत होतं, नुकतंच कुणी हातातून सोडावं तसं. गाठ काही सुटेना. शेवटी विळीवर पदराचं टोक कापून तिनं ते दगडासकट खळग्याशी ठेवलं.

"होन्नम्मा," ती कशीबशी म्हणाली, "मी वेल नाही. माझ्या अंगाला हात लावू नको. तुझा मळा तुझाच."

पुन्हा तसं कधी झालं नाही. पडवळं मात्र दरवर्षी येत राहिली, आणि दगडही. शेजारणी बी मागायच्या. "माझं नाही, मी कशी देऊ?" वसुमती म्हणायची. लोकांना ती चिक्कू वाटली.

एकोणीसशे पासष्ट-सहासष्टच्या सुमाराला जयसिंगरावांनी मागे एक खोली वाढवायचं ठरवलं. गवंड्यानं खुंट्या ठोकल्या त्या नेमक्या विहिरीवर. वसुमतीनं त्या स्वतः उपटल्या आणि खोली दुसऱ्या अंगाला घ्यायला लावली. त्यामुळे स्वयंपाकघराची खिडकी कायमची झाकली गेली. भर दुपारी दिवा लावून ती भाकऱ्या थापायची, आणि भिंतीपलीकडे कुणीतरी मांडवाखाली वावरत असल्याची चाहूल लागली की परात जरा हळू सरकवायची.