आईने मत न दिलेला गव्हर्नर

मी सिंगापूरमध्ये क्लेमेंटीत राहून विद्यापीठात पोस्टडॉक करत होते, त्या वर्षी आमच्या लोकप्रशासन विभागात एक पाहुणे प्राध्यापक आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. अमेरिकेतल्या एका छोट्या राज्याचे दोनदा निवडून आलेले गव्हर्नर. आपल्या राज्यपालांसारखं नव्हे. तिथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच. त्यांच्या जाहीर व्याख्यानासाठी जुने कागद लावायचं काम माझ्याकडे आलं.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या स्टॉल्सच्या उघड्या मंडईत, ते घामाघूम होत फिश सूप प्यायचे आणि मी टिपणं घ्यायचे. वडिलांचं पशुखाद्याचं दुकान. आधी गावच्या शाळेच्या समितीवर, मग महापौर, मग राज्याच्या विधिमंडळात. गव्हर्नरपदाची पहिली निवडणूक जुन्या पिकअपमधून गावोगाव हिंडून जिंकलेली. हे सगळं रंगवून सांगायचे. दुसऱ्या निवडणुकीपाशी आले की मात्र त्यांना कॉफी आठवायची.

एकदा मी सरळच विचारलं, "सर, दुसऱ्या वेळी राज्य जिंकलंत, पण स्वतःच्या गावात मतं कमी पडली. असं का?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "तिथलं सरकारी हॉस्पिटल मी बंद केलं. माझा जन्म तिथलाच. पेशंट उरले नव्हते, डॉक्टर टिकत नव्हते. पण माझ्या आईने तिथे तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. तिला ते पेपरात वाचून कळलं."

"मग?"

"मग तिने मला मत दिलं नाही. तसं फोन करून सांगितलं, आणि दोन वर्षं बोलणं टाकलं."

हे व्याख्यानात घ्या, असं मी म्हटलं. ते नको म्हणाले. रस्ते, शाळा, धरणाचा करार, एवढं पुरे.

व्याख्यानाच्या शेवटी एका विद्यार्थिनीने विचारलं, "आज कोणती गोष्ट वेगळी कराल?" त्यांनी समोरची टिपणं मिटून बाजूला ठेवली. मग त्यांनी हॉस्पिटलची हकीकत सांगितली, आईसकट. पुढचं मलाही नवीन होतं. दोन वर्षांनी आई घरात पडली, खुबा मोडला. ॲम्ब्युलन्समध्ये ते तिच्याजवळ बसले. दुसरं हॉस्पिटल दीड तासावर. वाटेत ती पहिल्यांदा बोलली, "मोज आता मिनिटं."

"बंद आजही करेन," ते म्हणाले. "पण आधी गावात जाऊन, लोकांसमोर उभं राहून सांगेन. तेव्हा मी हॉस्पिटलला नुसतं पत्र पाठवलं. मी घाबरलो होतो."

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं. तो जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लँटमध्ये इंजिनिअर आहे. तेव्हा त्याचं युनिट बंद होणार होतं आणि नोकरी जाणाऱ्या नऊ जणांना कळवायचा ईमेल त्याने लिहून ठेवला होता. त्याने ऐकून घेतलं आणि पहाटेचा गजर लावला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या पहिल्या बसने गेला.

संध्याकाळी आला तो थकून. "एकेकाला समोर बसवून सांगितलं," म्हणाला. "एकजण रडला. एकाने हातही मिळवला नाही."

"ईमेलच बरा होता का रे?"

"सोपा होता," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.