ही वाटी कुणाची

"ही जर्मनची वाटी कुणाची?"

बाईंनी दोन बोटांनी ती परातीपासून लांब सरकवली. झुरळ सरकवावं तशी. बाई म्हणजे शाळेतल्या नव्हेत; गावातलं सगळ्यात मोठं घर त्यांचं. परातही त्यांची. म्हणून त्या आमच्या वर्गात पाटावर, आम्ही जमिनीवर.

त्या साली आमचा लातूर जिल्हा नवा झाला होता. पाऊस मात्र जुनाच रुसवा धरून होता. साहेब शाळेत येणार, म्हणून गुरुजींनी फर्मान काढलं: कणकेचा नकाशा करायचा! कणीक, मीठ, डोंगराला हळद, रस्त्यांना कुंकू. खऱ्या मांजरा नदीत वाळू उडत होती, पण नकाशात निळीची मांजरा दुथडी भरून वाहणार होती. प्रत्येकानं घरून वाटीभर पीठ आणायचं. खायला नाही. खेळायला. दुष्काळात.

आई खडी फोडायला जायची. मजुरीत गहू मिळायचा. तिनं डबा खरवडून वाटी भरली.

"आपलं बी पीठ जिल्ह्यात जाऊ दे की," म्हणाली. त्या सांजेला आम्ही कण्या खाल्ल्या.

वाटी पोचे पडलेली. कडेला आईनं खिळ्यानं ठोकून काढलेलं फूल. आमचा सगळा मांगवाडा ती वाटी ओळखायचा.

"कुणाची म्हणून इचारतेय मी!"

पोरं माझ्याकडं बघत होती. मी छताकडं बघितलं.

"माझी न्हाई," मी म्हणाले.

गुरुजी हळूच म्हणाले, "बाई, नकाशा कुणी खाणार नाही."

"नका खाऊ. परात मला घरी न्यायचीय."

त्या वाटीतलं पीठ वाया गेलं नाही, बरं का. गुरुजींनी त्याची खळ शिजवली. उंदरांनी खाऊ नये म्हणून वर निळा मोरचूद टाकला. नकाशा वाळल्यावर गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या त्या खळीनं चिकटवल्या.

"माझं पीठ कुठं बसलं गं?" आईनं विचारलं.

"लातूरच्या बरोबर मधी."

तिनं खडीवरच्या सगळ्या बायांना सांगितलं. साहेब आले त्या दिवशी कामाला खाडा करून, धुतलेलं लुगडं नेसून शाळेत आली. दारातूनच म्हणाली, "कुठाय गं माझं पीठ?"

बाई हसल्या. "तुझं? तुझी पोरगी तर म्हणली, वाटी माझी न्हाई!"

आईनं माझ्याकडं बघितलं. खडीची कच डोळ्यात गेल्यावर बघायची, तसं.

मी पुढं झाले. लातूरची चिठ्ठी ओरबाडली, उलटी केली. मागं निळसर खळ.

"हे बघ आई. हितं हाय आपलं पीठ. वाटी माझीच हाय!"

मग उदगीर उचकटलं. औसा उचकटलं. अहमदपूर, निलंगा, सगळी नावं मुठीत. साहेबांपुढं उरला एक पिवळा-निळा गोळा, बिननावाचा.

"पीठ आमचं हाय. घेऊन चालले मी!"

गुरुजींनी कानाखाली दिली. मी मूठ सोडली नाही. काय थाटात निघाले म्हणून सांगू, जणू सगळा जिल्हाच पळवला होता!

वाटेत आई पुढं पुढं चालत होती. वेशीजवळ मूठ उघडून दाखवली, तिनं बघितलंसुद्धा नाही.

"पिठाचं न्हाई गं," ती म्हणाली. "वाटीला न्हाई म्हणलीस."

तिनं नंतर कधी विषय काढला नाही, म्हणून तर ते वाक्य माझ्याकडंच राहिलंय.

आता माझी बालवाडी आहे. पोरं कणकेचे बैल करतात, हळदीचे सूर्य करतात. मी बेडकासारखी उड्या मारून त्यांना हसवते. पण पीठ कालवताना हसत नाही. सगळ्या घरांचं पीठ एकाच परातीत पडतं. मध्यंतरी एका पोराच्या आईनं एक वाटी बोटानं बाजूला सरकवली. मी तिला तिचं पीठ परत दिलं आणि पोराचं दप्तरही हातात दिलं. ज्यांना वाट्या निवडायच्यात, त्यांनी पोरं घरी न्यावीत.

परातीत पहिली वाटी मी उपडी करते. कडेला खिळ्याचं फूल असलेली. कुणी विचारायच्या आत, मोठ्यानं सांगते:

"माझी हाय."