डॉ. वानकरांची गुणगुण

डॉ. वानकर रोग्याची मान डोळे मिटून तपासत. दोन बोटं गळ्यावर आणि तोंडी चौकशी भलतीच: "औंदा संत्रं कसं आहे गा?" नवख्या रोग्याला वाटे, डॉक्टरांना डुलकी लागली! मी त्यांच्या ऑपरेशनांत भूल देणारी डॉक्टर. माझ्यासाठी हे नाटक रोजचंच होतं.

त्या काळी मानेत गाठ दिसली की क्षयाची म्हणून मोकळं व्हायचं. काटोलच्या किसनालाही तसंच सांगितलं होतं; तुकडा काढून तपासायचं तेवढं बाकी होतं. किसना संत्र्यांच्या बाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचा. आवाज गेला तर पोटच गेलं. वानकरांनी डोळे मिटले, गाठ चाचपली आणि मला म्हणाले,

"बाई, हात लावून पाहा. आडवी हलते, वरखाली नाही. अन् ठोके देऊन राहिली. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या फाट्यात बसली आहे ही. तुकडा काढला असता तर रक्ताची पिचकारीच उडाली असती!"

अशी गाठ क्वचितच दिसते. त्या धमनीला लागूनच आवाजाची नस जाते. "गाठ काढतो गा, पण आवाजाचा शब्द देत नाही," असं त्यांनी किसनाला स्वच्छ सांगितलं.

आदल्या दिवशी त्यांनी त्याला वॉर्डातच पुकारायला लावलं. "मूळ आवाज मले ठाऊक पाहिजे." किसनानं असा हर्रास लावला की खिडकीतली कबुतरं उडाली. मेट्रनबाई धावत आल्या. "पुन्हा ओरडलास तर घरी पाठवीन!" डॉक्टर तोवर पसार झाले होते.

ऑपरेशन करताना वानकर भजन गुणगुणत, तेही बेसूर. कानांना ती शिक्षाच. पण गुणगुण थांबली की प्रकरण बिकट आहे असं समजून मी रक्ताची बाटली मागवायची. किसनाच्या वेळी ती थांबली आणि कितीतरी वेळ सुरूच होईना. अखेर गाठ धमनीवरून सुटली, भजन पुन्हा सुरू झालं आणि ते मला चक्क गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी वानकर त्याच्या खाटेशी गेले. "पुकार गा." किसना गप्प. "अरे, एक शब्द तरी!" त्यानं नकारार्थी मान हलवली. वानकर मटकन स्टुलावर बसले. "बाई, नस गेली," ते पुटपुटले. त्यांचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात किसनानं हळूच डोळ्यांनी दाराकडे खूण केली. दारात मेट्रनबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या!

"बाई, त्याले परवानगी द्या हो," वानकरांनी हातच जोडले.

"एकदाच," मेट्रनबाई म्हणाल्या.

"बोला, अंबिया बहाराची संत्री, बोला!" आवाज जरा घोगरा होता, पण सारा वॉर्ड उठून बसला. मेट्रनबाईंनाही हसू आवरेना.

वानकर निवृत्त झाले तेव्हा किसना करंडीभर संत्री घेऊन निरोपाला आला. सगळ्यांनी आग्रह केला, पुकार म्हणून. तो उभा राहिला, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. वानकर उठले, त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"नस तर ठीक आहे गा. काहून रडून राहिला?"

एवढं बोलून ते स्वतःच गप्प झाले. मिटलेले डोळे काही उघडेनात. वानकर गप्प झाले की काय मागवायचं, हे मला पाठ होतं. त्या दिवशी मात्र मी नुसता माझा रुमाल पुढे केला.