नागसेनचं लाल बटन

तळवड्यात मध्यंतरी कुजबुज होती, की नागसेन मोबाईलमधून मोहिनी घालतो. त्याचा व्हिडिओ लावला की माणसाचं बोट आपोआप सबस्क्राइबच्या लाल बटनावर जातं म्हणे. पानटपरीवर एकाने तर गळ्याला हात लावून सांगितलं, "पाहिलाबिहिला काही नाही राव, तरी दाबलं गेलं!"

आता हा नागसेन म्हणजे चाकणच्या एका कंपनीत बारा वर्षं लेथवर घासलेला गडी. व्हर्निअरने माप कसं घ्यायचं, ते नव्या पोरांना शिकवावं तर त्यानेच. फोरमन येता-जाता म्हणायचा, "मास्तर, शाळा काढा!" होता टोमणाच, ह्याने मनावर घेतला आणि चॅनेल काढलं. चार महिन्यांत सबस्क्रायबर एक्केचाळीस. त्यातले नऊ घरचे.

बायकोने, वर्षालीने, बजावलं, "अहो, चौदा एप्रिलपर्यंत दोनशे झाले तर ठीक. नाहीतर रविवार मला नि मुलींना द्यायचा. त्या कॅमेऱ्याला नाही."

गडी पेटला. माणसाच्या मनाचा अभ्यास सुरू झाला. कुठेतरी ऐकलं, भीती घाला. ह्याने व्हिडिओला नाव दिलं, 'ही चूक केलीत तर नोकरी जाईल'. मग कळलं, उत्सुकता ताणा, ह्याने माप अर्ध्यावर सोडलं आणि म्हणाला, "उरलेलं सबस्क्राइब केल्यावर." खाली एकच कॉमेंट आली: 'अर्धंच शिकवायचं होतं तर बोलावलं कशाला?' तीही फोरमनची. लाल शर्ट घालून झाला, डोळे वटारून झाले. आकडा त्रेचाळीसवर ढिम्म!

"फुकट शिकवतोय मी!" तो जेवताना ताटावर डाफरायचा. "एक बोट टेकवायला काय जातं लोकांचं?"

आई कस्तुराबाई रस्सा ढवळत ऐकायच्या. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांची खानावळ. बीड-लातूरकडची पावणेदोनशे पोरं दोन्ही वेळ तिथे जेवायची.

मार्चअखेर आकडा हलला. रोज दहा, कधी पंधरा. तेरा एप्रिलला दोनशे सहा!

"मानसशास्त्र आहे हे, वर्षाली!" नागसेन फुगला. "लाल शर्टाने काम केलं."

त्याच तोऱ्यात तो खाली खानावळीत आला. ज्ञानदेव नावाचा पोरगा भाकरी मोडत होता. सबस्क्रायबरच्या यादीत त्याचं नाव कालच आलेलं.

"काय भावा, व्हर्निअर कळला का?"

"कसला व्हर्निअर, भाऊ? मी कॅन्टीनला वाढपी हाय." आणि ज्ञानदेवने चोरून कस्तुराबाईंकडे पाहिलं.

नागसेनने तिथेच मोबाईल उघडला. नव्या माणसांनी व्हिडिओ पाहिला होता सरासरी चार सेकंद.

"आई, काय केलंस तू?"

"तू भ्या दाखवलंस, निम्मंच शिकवलंस," कस्तुराबाई म्हणाल्या. "पोरं शिफ्ट करून येत्यात. त्यांचं मन त्या वक्ताला कुठं असतंय, ते तुझ्या मोबाईलला ठाव न्हाई."

वरच्या मजल्यावर वर्षाली म्हणाली, "दोनशे झाले ना? शब्द म्हणजे शब्द. रविवार तुमचा."

"नको," नागसेन म्हणाला. "चार सेकंदांची कसली शाळा?" कॅमेरा माळ्यावर गेला. रविवारी तो मुलींना घेऊन बाहेर पडला.

मोहिनीबिहिनी काही नव्हती. बटन दाबलेलं दाखवल्याशिवाय कस्तुराबाई दुसऱ्यांदा रस्सा वाढत नव्हत्या.