चौथं चित्र

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या ऑफिसात एक वयस्कर मराठी सहकारी माझ्यासमोर बसतात. कामाच्या पायऱ्या दाखवणाऱ्या आकृत्या ते कधी माउसने काढत नाहीत. साध्या टेक्स्ट नोट्समध्ये कोडच्या चार ओळी लिहितात आणि त्यातून चौकोन, बाण उमटतात. मीटिंगआधी त्या नोट्समधल्या सगळ्या आकृत्या एकदम इमेज फाइल्स करून टीमला पाठवतात आणि पुटपुटतात, "झालं, आता कोणाकडेही उघडेल."

गेल्या मंगळवारी तीनऐवजी चार चित्रं आली. चौथं मराठीत होतं, म्हणजे टीममध्ये त्यांच्याशिवाय फक्त मला वाचता येणारं. वर 'आईला फोन लाव', खाली प्रश्न, 'उचलला?' 'हो'चा बाण 'जेवलीस का विचार'कडे जात होता. 'नाही'चा बाण वळून पुन्हा 'फोन लाव'कडे.

"अहो, चौथी फाइल चुकून आली वाटतं," मी हळूच म्हटलं.

चष्मा कपाळावर सारून त्यांनी ती फाइल उघडली. "जुन्या नोट्समध्ये राहून गेली. आई जाऊन दोन वर्षं झाली."

"काढून टाकू का?"

"नको. 'नाही'चा बाण फक्त दुसरीकडे न्यायचाय," ते म्हणाले. "कुठे न्यायचा, तेवढं सुचत नाहीये."