खुशालराव मास्तरांचा आदर्श वर्ग

छत्तीस वर्षांच्या नोकरीत खुशालराव मास्तरांच्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नव्हता, आणि याचा त्यांना इतका अभिमान, की लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यालासुद्धा ही बातमी देत. निवृत्तीला चार महिने उरले असताना अमरावतीतल्या त्यांच्या संस्थेनं त्यांच्या गळ्यात 'संस्कार वर्ग' मारला. शाळेतून सहा-सहा महिन्यांसाठी काढलेली अकरा पोरं तिथं सुधारायची होती. जागा म्हणून मोडकी बाकं ठेवायची खोली दिली. मोडकं सामान एकाच ठिकाणी असलेलं बरं, असा सोयीचा विचार.

त्यांत दहावीची दामिनी होती. स्वातंत्र्यदिनाला पाहुण्यांसमोर तिनं मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, पोरींच्या संडासात पानी काहून नाई?" पाणी काही आलं नाही, दामिनी मात्र सहा महिन्यांसाठी गेली. निरीक्षकांनी वर्गाबद्दल चांगलं लिहिलं तर दिवाळीनंतर शाळेत घेऊ, बोर्डाचा फॉर्म भरू, असं संस्थेनं कबूल केलं होतं. नाहीतर तिचं वर्ष बुडालंच.

मास्तरांनी आठवडाभर पोरांना घासून काढलं. "'काहून' बिलकुल बंद. 'का बरं' म्हनाचं. अन् काईच नाई इचारलं तं सगळ्यात मस्त!"

"अन् सर, खोकला आला तं?" दामिनी म्हणाली.

"गिळून टाकाचा."

पुण्याहून निरीक्षक बाई आल्या. पाऊण तासात एकाही पोरानं तोंड उघडलं नाही. शेवटी बाईंनीच दामिनीला विचारलं, "तुला इथे आवडतं ना?"

"हो मॅडम. आभारी आहे."

मास्तरांची छाती फुगली. वऱ्हाडात इतकी मृदू भाषा ऐकून बाईंना भरून आलं. त्यांनी फोटो काढले, चहा घेतला आणि इतक्या लांब आलोच आहोत म्हणून चिखलदरा बघायला निघून गेल्या.

आठ दिवसांनी अहवाल आला. 'वर्गाचा परिणाम विलक्षण आहे. सर्व विद्यार्थ्यांना आणखी सहा महिने येथेच ठेवावे.'

"म्हंजे मी सुधरली म्हून मले सोडून नाई राहिले का, सर?" दामिनीनं विचारलं.

मास्तरांनी अहवाल पुन्हा एकदा वाचला. पुण्याच्या बाईंना शिव्या घालून भागण्यासारखं नव्हतं. पोरीच्या तोंडाला कुलूप आपणच लावलं होतं, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटली.

फॉर्मच्या मुदतीला पाच दिवस होते. मास्तरांनी कोरा कागद ओढला आणि आपल्या वळणदार अक्षरात संस्थेला लिहिलं, 'पाहणीच्या दिवशी मी विद्यार्थ्यांना दम देऊन गप्प बसवले होते. वर्गाचा कोणावरही तिळमात्र परिणाम झालेला नाही. मुले पूर्वीसारखीच प्रश्न विचारतात. शिक्षक कुचकामी आहे. वर्ग तत्काळ बंद करून मुलांना शाळेत पाठवावे.'

खाली त्यांनी पूर्ण नाव घालून ठसठशीत सही केली.