आबांना नीट मरता आलं नाही

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. शहाद्यातले जुने लोक मात्र त्यांना ‘हालता मुडदा’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, प्रेमाने म्हणतात, आणि आबांनी वाइंडिंग करून दिलेली पाण्याची मोटार महिनाभरात पुन्हा जळाली तर रागानेही म्हणतात. लग्नाच्या पंगतीत एकदा वाढपी ओरडला होता, “ओ, त्या मुडदाले जिलबी वाढा!” लहानपणी मी यापायी शाळेत कितीतरी जणींच्या वेण्या ओढल्या आहेत. अजूनही कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, फक्त आता समोरच्याला वेणी नसते.

झालं होतं असं. माझा जन्म व्हायच्या आधी शहाद्याजवळ प्रकाशा या तीर्थाच्या गावी तापीच्या पात्रात एका हिंदी चित्रपटाचं शूटिंग झालं. चित्रपट गुप्तहेराचा. आमची तापी त्यात सरहद्दीवरची नदी झाली आणि पलीकडचे केळीचे मळे शत्रूचा मुलूख. शत्रूचे सैनिक म्हणून आसपासची तरणी पोरं धरून आणली होती. त्यात आबा होते, आणि त्यांचे जिवलग दोस्त, गाद्या भरणारे चाचा होते. सैनिकांना काम एवढंच, की हिरोने गोळ्या झाडल्या की पडायचं आणि पडून राहायचं. मग हिरो प्रेतांच्या मधून चालत येतो आणि देशप्रेमावर लांबलचक भाषण करतो. ते चालू असताना त्याच्या बुटांपलीकडे एका मेलेल्या सैनिकाचा डावा हात दिसतो. त्या हाताची दोन बोटं उघडतात, मिटतात, परत उघडतात. तो हात आबांचा.

दिग्दर्शकाच्या लक्षात आलं तोवर उडवायची दारू संपली होती, त्यामुळे पुन्हा गोळीबार करायची सोय नव्हती. त्याने आबांना घातलेल्या शिव्या चाचांना अजून तोंडपाठ आहेत. दुपारी सगळ्या मेलेल्यांना पुरी-भाजी मिळाली, आबांना मिळाली नाही. पुढे चित्रपट शहाद्याच्या टॉकीजला लागला, गाव लोटलं, आणि बोटं हलली तशी माणसं खुर्चीतून पडेपर्यंत हसली. चित्रपट देशभर आपटला. तो कथेमुळे आपटला की गाण्यांमुळे, हे इतर गावांनी ठरवावं. शहाद्याच्या मते तो आबांमुळे आपटला.

का हललात, असं कुणी विचारलं की आबांचं उत्तर ठरलेलं. “मुंग्या व्हत्यात.” त्यावर आईचंही ठरलेलं. रनाळ्याची लेक ती, बोलण्यात कुणाला हार जाणारी नाही. “लोकेस्ले जगता येस नही, ह्या मानूसले नीट मरता बी येस नही,” असं म्हणून ती पोळी तव्यावर टाकायची. आबा मान खाली घालून जेवायचे.

तर शहाद्याला लागूनच लोणखेड्याला कॉलेजच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कॉलेजातल्या एका तरुण सरांनी चित्रपटवेड्या पोरापोरींचं मंडळ काढलंय. चहाची टपरी माझ्या दुकानाला लागून असल्यामुळे या मंडळाच्या चर्चा माझ्या मशीनवर कोपर टेकून चालतात. कुठला नट ओव्हररेटेड, कुठला चित्रपट अंडररेटेड, यावर ही पोरं जितकी भांडतात तितकी वाटणीवरून भाऊसुद्धा भांडत नाहीत. एके दिवशी पाहते तर सरांच्या मोबाइलवर आमची तापी.

“या चित्रपटावर अन्याय झालाय,” सर सांगत होते. “लोकांना तो कळलाच नाही. हे बघा, हा हात.”

“सर, ती सरळ चूक आहे,” एक मुलगी म्हणाली. तिला मी ओळखते, पैसे द्यायच्या आधी प्रत्येक पान उलटून बघणारी. “मुडदा हलला, कुणी बघितलं नाही. संपला विषय.”

“चूक? मग सांग, शेवटी दिल्लीला बातमी कशी पोचते? हिरो तर तळघरात बांधलेला आहे. बातमी कोण पोचवतं?”

ते चित्रपटात कुठेच सांगितलेलं नाही, हे मलाही माहीत होतं. मला वाटायचं, कथा लिहिणाराच विसरला असेल.

“हा पोचवतो!” सरांनी मोबाइलवर बोट आपटलं. “हा सैनिक मेलेलाच नाही. शत्रूच्या वर्दीतला तो आपला दुसरा हेर आहे. बोटांनी हिरोला खूण करतोय, की मी आहे, तू पुढे जा. संपूर्ण चित्रपट या दोन बोटांवर उभा आहे.”

“आणि ती बोटं माझ्या बापाची आहेत,” मी म्हणाले. “आता मशीनवरून कोपर काढा, कागद अडकलाय.”

सरांनी माझ्याकडे अशा भक्तीने पाहिलं की मला ओशाळल्यासारखं झालं. मग त्यांनी विचारलं, ते आता कुठे असतात? मी म्हटलं, घरीच असतात, सध्या मिक्सरची मोटार उघडून बसलेत आणि आई त्यांच्यावर ओरडत असेल.

आठवड्याच्या आत ठरलं. कॉलेजच्या सभागृहात चित्रपट दाखवायचा, आणि नंतर मंचावर आबा आणि चाचा या दोन्ही मृतांची मुलाखत.

खरं सांगते, मला इतका आनंद कशाचाच झाला नव्हता. ज्या बोटांवरून माणसाला जन्मभर हिणवलं, त्याच बोटांसाठी शिकलेली माणसं त्याला हार घालायला निघाली होती. आबांनी माइकवर एक वाक्य बोलायची देर, मुडदा हे नाव कायमचं पुसलं गेलं असतं. ते वाक्य मी त्यांच्याकडून घोटून घ्यायला बसले. “एवढंच म्हणायचं, मला डायरेक्टरनेच हलायला सांगितलं होतं.”

“पन त्यानी तं माले शिव्या दिध्यात,” आबा म्हणाले.

“ते सांगायचं नाही.”

“नी पुरी-भाजी?”

“तेही सांगायचं नाही! आबा, एकदा तरी मान वर करून चाला ना गावात.”

आबा म्हणाले, “पाहू.” आमच्या घरात ‘पाहू’ म्हणजे नाही, पण मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चाचांचं दुःख वेगळंच होतं. ते आबांच्या शेजारीच वाळूत तोंड खुपसून पडले होते आणि भाषण संपेपर्यंत श्वाससुद्धा त्यांनी चोरून घेतला होता. “मी इतला चांगला मरनू, मन्हं कोनी नाव बी काढत नही. नी हाऊ हालना, तं याले हार!” असं ते दारावर येणाऱ्या दूधवाल्यालाही सांगत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. आई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. नवऱ्याची फजिती होणार असेल तर ती पुढून बघावी, असा तिचा हिशेब असावा. पडद्यावर तापी आली तशा शिट्ट्या सुरू झाल्या. हिरोचं भाषण सुरू झालं आणि पोरं कुजबुजायला लागली, आता, आता. बोटं उघडली, मिटली, आणि अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या पिटू लागलं. मी आबांकडे पाहिलं. त्या हातासाठी टाळ्या ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी तो हात गुपचूप खिशात घातला.

मग दोघे मंचावर बसले. सरांनी दुसऱ्या हेराची थिअरी सविस्तर मांडली. ती त्या पान उलटणाऱ्या मुलीने खोडून काढली. सर म्हणाले, चला, ज्यांचा हात आहे त्यांनाच विचारू. मुलगी उभी राहिली. “काका, खरं सांगा. का हललात तुम्ही?”

मी खालून ओठांनी म्हणत होते, डायरेक्टर, डायरेक्टर. आबांनी माइक घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, ते आईकडे पाहत होते.

“मुंग्या-बिंग्या काही नव्हत्यात,” आबा म्हणाले. “नवीन लगीन व्हयेल व्हतं. घर सांगेल व्हतं, मोटार दुरुस्तीले जास. नी तठे गऊ मराले. हाई बाई सासूसंगे देवदर्शनले येल शे, ते माले काय म्हाईत? गोळ्या सुटन्यात, मी पडनू, आंगवर लाल रंग. तं गर्दीम्हा हाई दिखनी. मटकन खाले बसनी नी रडाले लागनी. मी बोलू कसा? मी तं मरेल! मंग बोटं हालाडात. म्हनं, इले समजाले जोयजे, मी जित्ता शे.”

“मग इतकी वर्षं मुंग्या का सांगितल्या?” मुलीने हळूच विचारलं.

“तव्हय खरं सांगतू तं गाव माले बायकोना गुलाम म्हनतं,” आबा म्हणाले. “त्यानापेक्षा मुडदा बरा.”

हशा पिकला, आणि तो बराच वेळ टिकला. मी मात्र हसत नव्हते. मी घोटून घेतलेल्या वाक्याची मला लाज वाटली, आणि आबांचा इतका अभिमान वाटला की ओढणीने नाक पुसावं लागलं.

सरांचा चेहरा पडला होता, पण ते हार मानणारे नव्हते. त्यांनी माइक घेतला. “काकांचा अनुभव हृद्य आहे. पण चित्रपट एकदा पडद्यावर आला की नटाच्या मनात काय होतं, याला फारसं महत्त्व राहत नाही. कथेत तो हेरच आहे.” यावर टाळ्या पडल्या. मुलगी म्हणाली, म्हणजे चूकच होती, हे सिद्ध झालं. मागून एक जण ओरडला, जो अख्ख्या गावापासून इतकी वर्षं लपवतो तो हेर नाही तर कोण? यावर त्याहून जास्त टाळ्या पडल्या. मग सगळेच एकदम बोलायला लागले. आबांना त्यांच्याच मृत्यूबद्दल कुणी काही विचारीना. चाचा शेजारून म्हणत होते, “मन्हं बी इचारा ना कोनी!” शेवटी आबांनीच त्यांना विचारलं, चहा लेस का?

घरी येताना रिक्षात मी आबा आणि आईच्या मधे बसले होते. आई एक अक्षर बोलत नव्हती. ओरडणाऱ्या आईची आबांना सवय आहे, गप्प बसलेल्या आईला ते घाबरतात. ते नुसते बाहेर पाहत होते. घराचा बोळ आला तशी ती म्हणाली, “माले नही दिखनं.”

“काय?” आबा म्हणाले.

“तुम्हनी बोटं. मी डोयावर पदर लेल व्हता.”

आबा तिच्याकडे बघतच राहिले. “पन तू रडानी थांबेल व्हती ना! मी समजनू, इले समजनं.”

“तुम्हनी मायनी चिमटा लिधा, म्हनीसन थांबनी.”

म्हणजे ती खूण टॉकीजभर माणसांनी पाहिली, तिच्यावर गाव इतकी वर्षं हसलं, कॉलेजात तिच्यावरून भांडणं झाली. जिच्यासाठी होती तिला तेवढी पोचली नव्हती. नंतर टॉकीजमध्ये तिने ती पाहिली, आजही पाहिली, पण मुंग्या म्हणूनच. आबा जन्मभर समजत राहिले, हिला ठाऊक आहे आणि ही उगाच चिडवते. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, तेव्हा मी रिक्षावाल्यावर खेकसले की सुट्टे लवकर काढ.

घरात आल्यावर आईने लुगडंही बदललं नाही. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि मला म्हणाली, मोबाइलवर लाव ते. मी बरोबर त्या जागेपासून लावून दिलं. तिने मोबाइल दोन्ही हातांनी जवळ धरला. हिरोचं भाषण सुरू झालं, बूट पुढे सरकले, आणि वाळूत पडलेल्या त्या हाताची दोन बोटं उघडली, मिटली, परत उघडली. आबा दाराशी चपला काढायच्या विसरून उभे होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती पडद्यावरच्या त्या हाताला म्हणाली, “दिखनं, दिखनं. उठा आते.”